टाकीचे झाकण कुठे आहे?

गावाकडे कोणाचे नवे घर पाहायला गेलो की मी एक प्रश्न हमखास विचारतो आणि यजमान हमखास गोंधळतात. प्रश्न साधा असतो : संडासच्या टाकीचे झाकण कुठे आहे? चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या तीस-एक वर्षांत उभी राहिलेली बहुतेक घरे कुवेत आणि दोह्याच्या कमाईची आहेत. फरशी कुठून आणली, दाराला कोणते लाकूड लावले, हे घरातल्या शाळकरी मुलालाही सांगता येते. टाकीचे विचारले की उत्तर येते, "असेल इथेच, पोर्चखाली." पोर्चवर टाइल्स बसवलेल्या असतात. म्हणजे झाकण वास्तूच्या पहिल्या दिवशीच पुरले गेले, आणि ज्या दिवशी ते लागेल त्या दिवशी घण घेऊन टाइल्स फोडाव्या लागतील.

माझी पदवी कॉम्प्युटरची, सिव्हिलची नव्हे. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. जी यंत्रणा वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालते, तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि ती बंद पडते तेव्हा रात्री दोन वाजता पडते. सेप्टिक टँकही तसाच. फरक इतकाच की आमचा सर्व्हर बंद पडला तर फार तर कोणाची झोप जाते.

आधी हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात. घरातले मैलापाणी टाकीत येते आणि एक-दोन दिवस तिथे थांबते. जड ते खाली बसते, त्याचा गाळ होतो. तेलकट, साबणाचे ते वर तरंगते आणि त्याची जाड साय धरते. मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी टी-आकाराच्या पाइपातून पुढच्या कप्प्यात आणि तिथून शोषखड्ड्यात जाते. तळाच्या गाळात हवेविना जगणारे जीवाणू असतात. ते गाळाचा काही भाग पचवतात. सगळा पचवत नाहीत. जे उरते ते साठत जाते, आणि पाणी थांबायला जी जागा हवी ती दरवर्षी थोडी थोडी कमी होते. म्हणून टाकी दोन ते तीन वर्षांनी उपसायची असते. भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याच्या खोलीची टाकी पुरते. आमच्याकडे दहा फूट बाय सहा फूट, आठ फूट खोल अशा टाक्या बांधतात. हेतू हा की आयुष्यात पुन्हा तिचे तोंड पाहावे लागू नये. मोठी टाकी भरायला वेळ जास्त लागतो हे खरे, पण भरते तेव्हा तिच्यात वीस वर्षांचा दगडासारखा झालेला गाळ असतो आणि बुडून मरण्याइतकी खोली असते.

"आमची टाकी पंचवीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही," असे अभिमानाने सांगणारे चाचा प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. अशा टाकीला बहुधा तळच नसतो, किंवा जांभ्याच्या भिंतीला आतून गिलावा केलेला नसतो. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी झिरपू देतो आणि पाण्यासोबत आणखी पुष्कळ काही. टाकी भरत नाही कारण ती गळते. गळलेले जाते कुठे? कोकणात अंगणाअंगणात विहीर आहे. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची जागा यांच्यात किमान १८ मीटर अंतर असावे असे मानक सांगते. मी आमच्या आळीतल्या चार घरांच्या अंगणात टेप धरून पाहिले; एकाच घरी ते अंतर भरले. तेही शेजाऱ्याची विहीर मोजली नाही म्हणून. पाण्याची जागा, वहिवाटीचा रस्ता आणि माणसे टेकतात ती सावली, या तीन ठिकाणी घाण करू नये ही शिकवण आपल्या मुलांना मकतबमध्ये दिली जाते. आपण मात्र ती उघड्यावर बसणाऱ्यांसाठी आहे असे समजून बसलो आहोत.

आता जुलै महिना डोळ्यांसमोर आणा. जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली, शोषखड्ड्यात पाणी जिरायला जागा नाही. संडासचे भांडे उलटू लागते. घरात पाहुणे, म्हातारी माणसे. मैला उपसणारी गाडी तालुक्याहून यायची, तर वाडीच्या चिखलात तिचे चाक रुतेल म्हणून चालक नाही म्हणतो. अशा वेळी कोणीतरी एक नंबर देते. दोन माणसे येतात, दोरी आणि बादली घेऊन. गाडीच्या निम्म्या पैशांत काम होते. पैसे, पाऊस आणि घाई या तीन गोष्टी जमून आल्या की चांगली, नमाजी, दानशूर माणसेसुद्धा एका अनोळखी माणसाला त्या खड्ड्यात उतरवतात आणि आत जाऊन चहा टाकायला सांगतात.

त्या खड्ड्यात काय असते? गाळ कुजताना हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. यांतला पहिला वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसून राहतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी कमी प्रमाणातही नाकाला लागतो, त्यामुळे लोकांना वाटते की धोका असेल तर वास येईलच. इथेच फसगत होते. हवेत दहा लाख भागांमध्ये शंभरच्या आसपास भाग हा वायू झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे उतरणाऱ्याला वाटते. प्रमाण हजाराच्या घरात गेले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. आणि हा वायू गाळात बुडबुड्यांच्या रूपाने अडकलेला असतो. झाकण उघडून तासभर ठेवले, आत मेणबत्ती सोडून पाहिली, कंदील विझला नाही, या जुन्या परीक्षा म्हणूनच कुचकामी आहेत; पहिले फावडे मारले की गाळातून नवा वायू बाहेर येतो. मिथेन पेट घेतो, त्यामुळे मेणबत्तीची परीक्षा तर दुहेरी मूर्खपणाची.

बातम्या नीट वाचल्या तर एक गोष्ट दिसते. टाकीत मरणारा माणूस बहुधा एकटा नसतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, त्या दोघांसाठी तिसरा. तो भाऊ असतो, कधी मुलगा, कधी घरमालकच. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा आढावा घेतला तेव्हा मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. धीर आणि माया असलेली माणसे इथे जास्त मरतात. म्हणून आपल्या घरातल्या तरण्या पोरांना एवढे एकच वाक्य पाठ करायला लावा : टाकीत कोणी पडला तर आत उतरायचे नाही, हवा आत सोडायची, दोरी टाकायची, अग्निशमन दलाला बोलवायचे. ऐकायला निर्दय वाटते. दुसरा मार्ग नाही.

कायद्याचे बोलू. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून लागू आहे. त्याचे कलम ७ सांगते की कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कामाला लावू शकत नाही. 'कोणतीही व्यक्ती' म्हणजे तुम्ही आणि मी. 'अप्रत्यक्ष' म्हणजे "मी ठेकेदाराला सांगितले होते, त्याने कोणाला उतरवले मला काय ठाऊक" हे उत्तर चालणार नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. कायद्यात एक फट आहे, तीही सांगायला हवी. 'धोकादायक' याची व्याख्या संरक्षक साधनांशिवाय केलेली सफाई अशी आहे, त्यामुळे साधने देऊन माणूस उतरवण्याला तो पूर्ण मनाई करत नाही. पण आपल्या अंगणात येणाऱ्या दोरी-बादलीवाल्याकडे कोणती साधने असतात हे आपण सगळे पाहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती ३० लाख केली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तीन मजूर गेले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०२१ मध्ये प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश सरकारला झाला. सरकारी गटार नव्हते ते. आपण राहतो तशा इमारतीची टाकी होती.

मी पुण्याच्या वेशीवर ज्या सोसायटीत राहतो तिथेही महापालिकेचे ड्रेनेज अजून पोचलेले नाही. एका बैठकीत दोन कोटेशन्स समोर आली. स्वस्त कोटेशनमध्ये 'मनुष्यबळाद्वारे अंतिम सफाई' अशी ओळ होती. मी तिचा अर्थ विचारला. ठेकेदार हसून म्हणाला, "साहेब, गाडी वरवरचे ओढते. खालचे पोरे काढतात. त्यांना सवय आहे." सवय आहे! हायड्रोजन सल्फाइडची सवय कोणाच्या फुप्फुसाला होत नाही. खालचा गाळ घट्ट झाला असेल तर त्यात पाणी सोडून, जोराच्या फवाऱ्याने ढवळून, गाडीची दुसरी फेरी लावता येते. हे सगळे वरून होते. शिवाय तळ घासून चकचकीत करायची गरजच नसते. थोडा गाळ मुद्दाम ठेवतात, म्हणजे जीवाणूंना पुन्हा सुरुवात करायला बी राहते. घरगुती टाकीत माणूस उतरण्याचे एकही तांत्रिक कारण मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही. महागडे कोटेशन मंजूर झाले, पण दोन मतांनीच, आणि एका शेजाऱ्याने मला जिन्यात सुनावले, "तुमच्यामुळे त्या गरिबांचा रोज बुडाला." या आक्षेपाला मी हलका मानत नाही. रोज बुडतो हे खरे आहे. उत्तर हे की ज्यांना हे काम येते त्यांच्याच हाती गाडी आणि पंप यावेत. 'नमस्ते' या केंद्राच्या योजनेत अशा कामगारांची नोंदणी, संरक्षक साधने आणि यंत्रखरेदीसाठी अनुदान आहे. आपल्या जमातीच्या बैतुलमालमधून शिलाई मशीन आणि रिक्षाला मदत मिळते. उपसा पंपाला का मिळू नये?

आणि 'पोरे' म्हणजे कोण, हेही विचारायला हवे. हे काम जातीने वाटले गेले आहे आणि त्याचे सर्वांत मोठे ओझे दलित समाजाने वाहिले. पण आपल्यात जात नाही असे म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांमधल्या 'अरजल' गटांत हलालखोर आणि लालबेगी यांची नावे स्पष्ट आहेत. हे समाज पिढ्यान्‌पिढ्या मैला उचलत आले. हलालखोर हे नाव अकबराने रूढ केले असे आईन-ए-अकबरीत नमूद आहे. नाव छान दिले, काम तेच ठेवले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींची सवलत धर्मावर बांधली गेली. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तीत आले, मुस्लिम आणि ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे एकाच टाकीत उतरणाऱ्या दोघांपैकी एकाला आरक्षण, दुसऱ्याला नाही. यावर आपण निवेदने देतो, द्यायलाच हवीत. पण त्याच माणसाला आपल्या मशिदीच्या पहिल्या सफेत जागा मिळते आणि आपल्या घरच्या दावतीत मिळत नाही, हे निवेदनात कोण लिहिणार?

तहारत आपल्याकडे फार जपली जाते. वुजूचे पाणी कोपरापर्यंत पोचले का, इस्तिंजा नीट झाला का, याची शिकवण बालपणापासून. पण आपल्या अंगावरून निघालेली नापाकी पुढे कोणाच्या अंगावर जाते, हा प्रश्न तहारतीच्या बाबतीत आपण विचारतच नाही. माझ्या मते तो त्याच प्रकरणातला पुढचा प्रश्न आहे.

मशिदींचा एक खास तांत्रिक घोळ आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुष्कळ ठिकाणी वुजूखान्याचे पाणी थेट संडासच्या टाकीत सोडलेले असते. जुम्याला चारशे माणसे आली आणि नळ सुरू ठेवून प्रत्येकाने पाच लिटर वापरले तर अर्ध्या तासात दोन हजार लिटर पाणी टाकीत घुसते. मैला खाली बसायला जो शांत वेळ हवा तो मिळत नाही. सगळे ढवळून शोषखड्ड्यात ढकलले जाते, खड्ड्याभोवतीच्या मातीची छिद्रे बुजतात आणि मग दर दोन वर्षांनी नवा खड्डा खणायला वर्गणी. वुजूचे पाणी जवळपास स्वच्छ असते. त्याची वेगळी पाइप काढून नारळीला, केळीला सोडले तर टाकीचे अर्धे दुखणे जाते. पैगंबर एका मुद्दात, म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी पाण्यात वुजू करत, हे आपल्या वक्त्यांना माहीत असते. नळ बदलायचा निर्णय मात्र विश्वस्तांनी घ्यायचा असतो. पावसाच्या पन्हळीचे पाणीही टाकीत नको, त्याच कारणासाठी.

घरी काय करायचे ते फार नाही. झाकणे शोधा, दोन्ही कप्प्यांची. टाइल्सखाली असतील तर फोडून वर उचलता येतील अशी, पण लहान मुलाला उघडता येणार नाहीत इतकी जड बसवा. वायूच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर टाकी डासांची पैदास करते. वर्षातून एकदा गाळ मोजा. लांब काठीच्या खालच्या भागाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून ती बाहेर उभे राहूनच हळूच तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ धरायची, वर काढायची. जिथवर टॉवेल काळा झाला तिथवर गाळ. मोजताना सोबत कोणी हवे, तोंड झाकणावर झुकवायचे नाही आणि विडी-सिगारेट लांब. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आली की गाडी बोलवायची. संडास तुंबेपर्यंत थांबलात तर तोवर गाळ शोषखड्ड्यात गेलेला असतो, आणि तो परत आणता येत नाही. पॅड, डायपर, ओले पुसणे, स्वयंपाकाचे तेल भांड्यात टाकू नका. ॲसिड आणि फिनेलच्या बाटल्या ओतून जीवाणू मारू नका. गूळ, ताक, यीस्ट किंवा बाजारातली 'टाकी खाणारी पावडर' घालायचीही गरज नाही. जीवाणू आपण रोज पुरवतोच.

गाडीवाल्याला दोन प्रश्न विचारा : कोणी आत उतरणार आहे का, आणि ओढलेला मैला कुठे रिता करणार? दुसऱ्या प्रश्नावर तो चुळबुळला तर उत्तर ओढा किंवा खाडी असे समजा, आणि दुसरी गाडी पाहा. पावतीवर 'यंत्राने उपसा' असे लिहून घ्या. कोणाला हाताने काम करताना पाहिले तर तक्रारीसाठी १४४२० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

पण हे सगळे एकेका घराच्या शहाणपणावर सोडले तर जुलैत पुन्हा दोरी-बादलीच येणार. वाई आणि सिन्नर या दोन नगरपालिकांनी २०१८ पासून वेगळी रीत धरली. शहराचे भाग पाडले, वेळापत्रक लावले, आणि टाकी तुंबो न तुंबो, दर तीन वर्षांनी गाडी दारात येते. मैला प्रक्रिया केंद्रावर जातो. कोणी फोन करायचा नाही, कोणी घासाघीस करायची नाही. घाई संपली की स्वस्तातल्या माणसाची मागणीही संपते. आमच्या भाषेत याला शेड्यूल्ड मेंटेनन्स म्हणतात आणि त्यात काहीच शौर्य नसते, म्हणून राजकारण्यांना ते आवडत नाही. ग्रामपंचायतींकडे गाड्या नाहीत, ही अडचण खरी. म्हणून आम्ही मोहल्ल्याची एक यादी केली आहे : घर, टाकीचे माप, झाकणाची जागा, शेवटचा उपसा, विहिरीचे अंतर. साधी स्प्रेडशीट. शेवटच्या उपशाच्या रकान्यात बहुतेकांनी 'माहीत नाही' लिहिले, तेही चालते. सुरुवात तिथूनच होते.

उपशाचा महिना मे ठरवला आहे. तेव्हा रस्ते कोरडे असतात, जमिनीतले पाणी खोल गेलेले असते, आणि कुवेतवाले, मुंबईवाले सुट्टीवर घरी असतात, म्हणजे टाइल्स फोडायची परवानगी व्हॉट्सॲपवर मागावी लागत नाही. एका फेरीत पाच-सहा घरे उरकली तर गाडीवाला दरही कमी लावतो. यंदा सात घरांनी नावे दिली आहेत. आठवे नाव मशिदीचे, आणि तिच्या वुजूखान्याची वेगळी पाइप त्याच आठवड्यात टाकायची आहे. प्लंबर ठरला आहे, नारळीपर्यंतचा चर मोहल्ल्यातली मुले खणणार आहेत.